पाच वर्षं भरेपर्यंत

चालू नोकरी सोडून मी स्वतःच्या घराचं काम काढलं, याचं गावात लोकांना अजून नवल वाटतं. पारावर बसलं की कुणीतरी विचारतंच, गवंडी लावून झालं नसतं का काम, नोकरी काहून सोडली? पूर्वी मी समजावून सांगायचो. माझा स्वभाव मुळात तापट, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की डोकं फिरतं. आता मी उत्तर न देता चप्पल पायात घालतो आणि घरी येतो. नोकरी सोडली हे सगळ्यांना दिसलं. ती सोडायला मी किती दिवस थांबलो, हे आमच्या घरातल्या माणसांनाच माहीत आहे, आणि त्यातलं एक माणूस आता नाही.

आमचं गाव कळमनुरीपासून आत आहे. मी नांदेडला बियाण्यांच्या एका गोदामात सुपरवायझर होतो. नावाला सुपरवायझर, काम पोती मोजून घ्यायचं आणि ट्रक भरून द्यायचं. सकाळी अंधारात निघायचं, कळमनुरीहून गाडी धरायची, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर घरी यायचं. पेरणीच्या दिवसांत तर रविवारही मिळायचा नाही. त्याआधी बरीच वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये होतो, आणि लग्नाआधी मामाच्या हाताखाली गवंडीकाम शिकलो होतो. जिनिंग सुटलं तेव्हा तिथला पीएफ मी काढून घेतला आणि मुलीच्या लग्नाला लावला. मुलगी लातूरकडे दिली आहे. घरात आम्ही दोघंच, आणि भिंतीला भिंत लागून थोरल्या भावाचं घर.

घर म्हणजे पुढं ओसरी, एकामागं एक दोन खोल्या, कडेला स्वयंपाकघर, वर पत्रे. मागच्या अंगणाच्या पार टोकाला संडास. सरकारी योजनेतून पैसे मिळाले तेव्हा गावात सगळ्यांनी तो तसाच, घरापासून जितका लांब जाईल तितका लांब बांधला. चुलीजवळ आणि देवाच्या भिंतीपाशी असलं काही नको, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मीही तसाच बांधला, स्वतःच्या हातानं. खड्डा उथळ निघाला म्हणून जोतं उंच घेतलं आणि वर चढायला तीन पायऱ्या काढल्या. तेव्हा आम्ही दोघंही धडधाकट होतो, पायऱ्यांचा विचार कोण करतो?

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात बायकोला लकवा मारला. डावी बाजू गेली. नांदेडला दवाखान्यात ठेवलं. आजारपणासाठी पीएफमधून जेवढं काढता येत होतं, तेवढं तिथंच संपलं. जीव वाचला, बोलणंही परत आलं. शिवरात्रीच्या सुमारास घरी आणली तेव्हा भिंत धरून, डावा पाय ओढत ती चालायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, चालवत राहा, हळूहळू सुधारेल. घरात ती चालायची. अडचण अंगणाची होती.

अंगणातून तिला वहिनी न्यायची. या दोघी जावांचं न्हाणीच्या पाण्यावरून असं वाजलं होतं, की दोन वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. आमच्या न्हाणीचं पाणी त्यांच्या भिंतीत मुरतं, असं वहिनीचं म्हणणं. मुरत नाही, असं हिचं. आता तीच वहिनी रोज सकाळी येऊन हिच्या काखेत हात घालायची, पायऱ्या चढवायची, लुगडं आवरून द्यायची, बाहेर उभी राहायची. वहिनी तोंडानं फटकळ, पण या कामात तिनं एकदाही कुरकुर केली नाही. हिला मात्र ते सोसवत नव्हतं.

"माझं तोंड पाहायला तयार न्हवती ती," बायको एकदा मला म्हणाली. "आता काय काय पाहावं लागून राहिलं तिला."

ती हसत म्हणाली होती. मी पण हसलो. मग माझ्या लक्षात आलं की तिनं चहा सोडलाय. पाणी घोटभर पिते. दुपारनंतर काही खायला नको म्हणते. जाण्याची वेळच येऊ नये म्हणून ती जेवण कमी करत होती. मी नांदेडहून बसायच्या खुर्चीचं भांडं आणलं, ते तिच्या पलंगाजवळ ठेवलं. रात्री नाइलाज म्हणून ती ते वापरायची, आणि सकाळी मी ते उचलायला लागलो की तोंड भिंतीकडं करून पडायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. पण मला वाटत नाही म्हणून तिला वाटू नये, असं कसं म्हणणार?

एका रविवारी तिनं मला जवळ बसवलं.

"मला एक करून द्या. मागच्या खोलीला लागून संडास बांधा. तुमाला गवंडीकाम येतंय की. मला माझ्या पायानं जाऊ द्या, दुसरं काही मागत न्हाई."

लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि तिनं स्वतःसाठी मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट. मी त्याच दिवशी टेप घेऊन मोजमाप केलं. मागच्या खोलीची भिंत फोडायची, तिथून दार काढायचं. बाहेर नवा खड्डा घ्यायचा. आत फरशी अशी बसवायची की कुठंच उंबरा नको, पाय ओढत गेली तरी अडखळायला नको. बाजूनं धरायला पाइप. भिंत पाडायची तर पत्रेही उतरवावे लागणार होते, म्हणजे छताचंही काम निघालं. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करून उरकणारं हे काम नव्हतं. अर्धं घर उघडं पडणार होतं आणि सामानाला एकरकमी पैसा लागणार होता. कर्जाचं नाव काढलं तर बायको अंगावर येई. राहता राहिला पीएफ. दुरुस्तीसाठी त्यातून उचल मिळते असं ऐकलं होतं, पण तिलाही पाच वर्षं नोकरी लागत होती. म्हणजे एकच रस्ता: नोकरी सोडायची, सगळा पीएफ काढायचा, आणि काम स्वतः करायचं. पुढं गवंडीकामावर दोघांचं भागलं असतं.

ऑफिसातल्या हिशेबनिसाला मी विचारलं. शांत माणूस, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा.

"सोडा की नोकरी. दोन महिन्यांनी सगळे पैसे काढता येतील," तो म्हणाला. "पण तुमची पाच वर्षं भरली नाहीत. पाचच्या आत काढला तर टॅक्स कापून येतात पैसे."

"आधीच्या जिनिंगची वर्षं?"

"तो पीएफ काढून घेतला तुम्ही. इकडं वळवला असता तर ती वर्षं धरली असती."

"बायको आजारी आहे. तिच्यासाठीच सोडतोय."

त्यानं माझा कागद बाजूला ठेवला. "आजार तुमचा असता आणि त्यापायी नोकरी सुटली असती, तर सूट होती. बायकोच्या आजाराला नाही."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "म्हणजे लकवा मला मारायला पाहिजे होता." त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तो पुढच्या कागदाकडं वळला. त्या बिचाऱ्यानं काय नियम केला होता? दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा पाजला. पाच वर्षं भरायला दसरा उजाडणार होता. तेव्हा होळीही व्हायची होती.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिचं माहेर हळदीचं. लहानपणी ती बापाबरोबर हळद घेऊन मोंढ्यात जायची, पोत्यावर बसून. मोंढ्यात व्यापारी कडता कापतात. हळद ओली आहे, माती आहे, असं म्हणून क्विंटलमागं काही किलो सरळ वजनातून काढून टाकतात. त्यावर भांडायचं नसतं. घासाघीस भावाची करायची, कडता कापला तो गेला. तिचा बाप कडत्याच्या दिवशी घरी आल्यावर कुणाशी बोलायचा नाही, हे ती नेहमी सांगायची.

"हे टॅक्सचं बी कडत्यासारखंच का?" तिनं विचारलं.

"तसंच," मी म्हणालो.

"मंग थांबा. फुकट काहून कापू द्यायचं? एवढे दिवस गेले, दसऱ्यापर्यंत जातेत की."

"तुला तकलीफ होऊन राहिली."

"होऊ द्या. पैसा बराबर हाती आला तर फरशी चांगली बसंल."

आम्ही दोघं अडाणी नव्हतो. ती सातवी, मी दहावी. पण आमच्या उभ्या आयुष्यात कुणी एकदा कापून घेतलेलं परत आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. कापलेले पैसे परत मागता येतात का, असा प्रश्नच आमच्या डोक्यात आला नाही. हिशेबनिसाला मी तो विचारला नाही आणि त्यालाही वाटलं नाही की सांगावं. जे विचारलं त्याचं त्यानं खरं उत्तर दिलं होतं.

ठरल्यावर ती एकदम उत्साहात आली. बांधकाम दसऱ्यानंतर, पण बेत आजपासून. पलंगावर बसून हुकूम सोडायची. मी खडूनं भिंतीवर दाराची खूण केली तर म्हणाली, "इकडं नको, बसल्यावर माझं तोंड देवाकडं होतंय." मी खूण पुसून पलीकडं केली. फरशी गुळगुळीत नको, खरखरीत पाहिजे. पांढरी नको, मळ दिसतो. कळमनुरीच्या बाजारात गेलो की दुकानातून फरशीचे तुकडे आणायचो, ती ते उजव्या हाताच्या बोटांनी घासून बघायची आणि नापास करायची. शेवटी एक हिरवट रंगाची पास झाली.

वहिनीला कळलं तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "देवाच्या भिंतीला लागून संडास? गावात हसतील लोक."

"मंग देवाला म्हणा, मला रोज मागं घेऊन जात जा," बायको म्हणाली.

वहिनी तशीच माघारी गेली. दोन दिवसांनी ती आपणहून आली आणि म्हणाली, देव्हारा पुढच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला नेला तर काही बिघडत नाही, ब्राह्मणाला विचारून आले. त्या दिवशी तो देव्हारा आम्ही तिघांनी मिळून हलवला. न्हाणीच्या पाण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

उन्हाळा कसाबसा गेला. पावसाळा लागला आणि अंगणाचा चिखल झाला. मी शहाबादी फरशा टाकून वाट केली, पायऱ्यांना बांबू बांधला. तरी रोज नांदेडला जाताना जीव घरात राहायचा. गोदामात पोती मोजताना मी चुकायला लागलो. एकदा मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला. एरवी मी उलट उत्तर दिलं असतं. तेव्हा गप्प बसलो. दसऱ्याआधी नोकरी जाऊ द्यायची नव्हती. इतका गरीब मी आयुष्यात कधी वागलो नव्हतो.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं महालक्ष्म्या थोरल्या घरी, भावाकडं बसतात. जेवणाच्या दिवशी वहिनी पहाटेपासून सोवळ्यात होती. ओल्या लुगड्यानं पुरणावरणाचा स्वयंपाक, तिला कुणी शिवायचं नाही. अशा वेळी तिला संडासाला चल म्हणून हाक कशी मारायची? तिचं सोवळं मोडलं असतं, सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला असता. वहिनी नंतर हिच्यापाशी रडून सांगायची, "मला हाक मारायची होती गं, मोडलं असतं सोवळं तर मोडलं असतं." पण हिनं हाक मारली नाही. देवीच्या स्वयंपाकात आपल्यापायी खोट नको म्हणून ती एकटी निघाली. फरशांवरून नीट गेली. बांबू धरून दोन पायऱ्याही चढली. तिसरीवर पाय सरकला.

मी तेव्हा नांदेडला ट्रक भरत होतो. भावाचा फोन आला.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, आधीच ती बाजू लुळी, आता पायावर उभी राहील असं सांगता येत नाही. मी वॉर्डात तिच्या खाटेजवळ उभा होतो. मला सगळ्या जगाचा संताप आला होता आणि तो काढायला कुणी समोर नव्हतं.

"मी उद्याच राजीनामा देतो," मी म्हणालो. "कापले तर कापले."

"किती राहिले?"

"महिना. चारसहा दिवस जास्त."

ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "आता महिन्यानं काय होतंय? मी इथंच पडलेली. एवढं सोसलं ते वाया जाऊन राहिलं की मंग. पडायचं ते पडून झालं, आता टॅक्स तरी वाचू द्या."

तिचं पडणं, तिचं न पिलेलं पाणी, वहिनीपुढं झालेली तिची लाज, हे सगळं तिनं त्या पैशापायी सोसलं होतं. तो पैसा वाचला नसता तर त्या सोसण्याला काहीच अर्थ उरला नसता. मी दुसऱ्या दिवशी गोदामात गेलो आणि पोती मोजली.

दसरा झाला, पाच वर्षं भरली, आणि मी नोकरी सोडली. सामान थोडं साठवलेल्या पैशांतून आणलं, फरशीवाला ओळखीचा होता, त्यानं पैसे येईपर्यंत थांबायची तयारी दाखवली. भाऊ मदतीला आला. तिला पुढच्या खोलीत हलवलं आणि मागची भिंत फोडली. किती वर्षांनी हातात थापी घेतली होती, पण हात विसरले नव्हते. ती पुढच्या खोलीतून ओरडायची, "धूळ येऊन राहिली, पोतं लावा!" मी मुद्दाम जोरानं घण घालायचो म्हणजे ती अजून ओरडेल. तिचा आवाज ऐकला की बरं वाटायचं.

मग आवाज कमी झाला. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या भरेनात. खोकला लागला. मुलगी येऊन राहिली. मी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम करत होतो. ती आता त्या दारातून स्वतःच्या पायानं जाणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिला कळलं असतं की मला कळलंय.

फरशी बसली, पाइप लागला, कमोडचं भांडं बसलं. दार सुताराकडं होतं. एका दुपारी मी तिला म्हणालो, चल, दाखवतो. उचलली तर अंगात काही राहिलंच नव्हतं. मी तिला आत नेऊन झाकणावर बसवलं. तिनं उजव्या हातानं पाइप धरला, हलवून बघितला. पायाची बोटं फरशीवर टेकवली. वर नव्या पत्र्याकडं पाहिलं.

"दार न्हाई का?"

"सुतारानं दिलं न्हाई अजून."

"मंग चादर धरा. अन् तिकडं तोंड करा. मला जरा एकटीला बसू द्या."

मी दाराच्या जागी दोन्ही हातांनी चादर धरून, तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो. आतून काही आवाज नव्हता. ती नुसती बसली होती. कुणी धरलेलं नाही, कुणी बघत नाही, कुणी बाहेरून झालं का विचारत नाही. माझे हात भरून आले तरी मी चादर खाली केली नाही. उभ्या उभ्या रडत होतो, आवाज मात्र होऊ दिला नाही. मग तिनं हाक मारली, "झालं. चला." मी वळलो तेव्हा तिचा चेहरा खुशीत होता. "चांगलं बसवलंय," ती म्हणाली. "मला वाटलं हात विसरला असंल तुमचा."

थंडी वाढली तशी ती गेली. दार नंतर आलं.

पीएफचे पैसे त्यानंतर खात्यात जमा झाले. एक रुपयाही कापला नव्हता. फोनवरचा मेसेज मी कितीतरी वेळ बघत बसलो. मला आनंद झाला, हे लपवून काय करू? तो पैसा मला तिच्या कमाईसारखा वाटला. आयुष्यभर ती दुसऱ्याच्या रानात आणि स्वतःच्या घरात राबली, पण तिच्या नावानं एवढी रक्कम कधी घरात आली नव्हती. फरशीवाल्याचे दिले, पत्र्याचे दिले, उरले ते ठेवले. नांदेडला पुन्हा जावंसं वाटलं नाही. आता मी आसपासच्या गावांत गवंडीकाम करतो.

पुढच्या पावसाळ्यात बँकेतला माणूस म्हणाला, मोठी रक्कम खात्यात आलीय, नोकरीही सोडलीय, एकदा रिटर्न भरून टाका. म्हणून हिंगोलीला एका टॅक्सच्या वकिलाकडं गेलो. तरुण माणूस, बोलायला मोकळा. त्यानं माझे कागद घेतले, कॉम्प्युटरवर आकडे टाकले आणि म्हणाला, "काका, तुम्हाला टॅक्स शून्य."

मी म्हणालो, "पाच वर्षं भरून मगच सोडली ना, म्हणून."

"ते बरोबरच आहे तुमचं," तो म्हणाला. "पण पाच वर्षांच्या आत काढला असता तरी तुम्हाला टॅक्स बसला नसता. तुमचा पगारच केवढा! पीएफ धरूनसुद्धा तुम्ही मर्यादेच्या खूप आत आहात."

"पण कापून घेतले असते की."

"कापले असते थोडे. मग असंच रिटर्न भरून आपण ते परत मागवले असते. आले असते खात्यात."

"परत?"

"हो, सगळे. ज्याला टॅक्स बसत नाही त्याचे कापलेले परत मिळतात."

तो हसून सांगत होता. चांगली बातमी देतोय असं त्याला वाटत होतं. मी त्याला विचारलं, गेल्या वर्षी होळीलाच सोडली असती तरी? तो म्हणाला, होळीला सोडली असती, दिवाळीला सोडली असती, कधीही. त्यानं पुढं काहीतरी विचारलं, मी काय उत्तर दिलं आठवत नाही. त्याची फी दिली आणि स्टँडवर आलो.

कळमनुरीची गाडी लागली होती. मी चढलो नाही. बाकावर बसून राहिलो. होळीला सोडली असती तर उन्हाळ्यातच काम झालं असतं. पावसाळ्यात तिला अंगणात पाय ठेवावा लागला नसता. वहिनी सोवळ्यात असली असती काय, नसली असती काय. कुणावर राग धरावा म्हणून मी एकेकाला समोर आणून बघितलं. हिशेबनीस खोटं बोलला नव्हता. सरकारनं काही हिसकावलं नव्हतं. ती तर घराचं भलंच बघत होती. मी तरी काय वेगळं केलं होतं? रागाला कुणी सापडेना आणि तो छातीत तसाच बसून राहिला. ती गेल्यापासून एक दिवस असा गेला नव्हता की ती असावी असं मला वाटलं नाही. त्या बाकावर मात्र पहिल्यांदा वाटलं, बरं झालं ती नाही. हे तिला कसं सांगितलं असतं मी?

घरी आलो तेव्हा वहिनी ओसरीत शेंगा निवडत बसली होती. माझ्या जेवणाचं आता तीच बघते. मला पाहून तिनं पाणी आणून दिलं.

"काय म्हणला वकील, भावजी?"

"टॅक्स लागला न्हाई."

"एक रुपया बी न्हाई?"

"न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले. "बघा. तिनं थांबायला लावलं म्हणून वाचले. तुमी तर दवाखान्यातच राजीनामा द्यायला निघाले होते. एवढं अंगावर काढलं माझ्या बाईनं, पण तिचं सोसणं वाया गेलं न्हाई. व्हय की न्हाई?"

मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला.

"व्हय," मी म्हणालो.